सोडिअम एकावरच का थांबते? आयनांच्या प्रभाराचा जमाखर्च

सोडिअमच्या आयनावर प्रभार किती, असे विचारले तर शाळकरी मूलही ‘एक धन’ म्हणून मोकळे होते. मॅग्नेशिअमवर दोन धन, क्लोरीनवर एक ऋण, ऑक्सिजनवर दोन ऋण. हेही पाठ असते. लोहाचे नाव निघाले की गाडी अडते. दोन की तीन? शिशावर दोन की चार? आणि कार्बनच्या आयनावर किती, हा प्रश्न तर परीक्षेत कुणी विचारतच नाही, कारण त्याचे उत्तर पाठांतरात कुठेच बसत नाही.

या सगळ्या प्रश्नांना पुरून उरेल असा एक विचार आहे. तो अष्टकाच्या नियमापेक्षा (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन झाले की अणू स्थिर, असे सांगणारा नियम) थोडा लांबचा, पण फारसा अवघड नाही. आधी सोपी वाट पाहू, मग ती कुठे संपते ते.

अणूच्या केंद्रकात जितके प्रोटॉन, तितकेच इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती. म्हणून अणू उदासीन. रासायनिक क्रियेत प्रोटॉनला कुणी हात लावू शकत नाही. येतात-जातात ते इलेक्ट्रॉन. एक इलेक्ट्रॉन गेला की १+, दोन गेले की २+, एक आला की १−. धन प्रभाराचा तो धनायन, ऋण प्रभाराचा ऋणायन. ‘धन म्हणजे काहीतरी मिळवले’ असे वाटून गोंधळ होतो खरा, पण मिळालेला इलेक्ट्रॉन ऋण असतो एवढे डोक्यात ठेवले की पुरे.

आता आवर्तसारणी. तिच्यात १८ उभे गण आहेत. डावीकडच्या पहिल्या गणातले धातू, म्हणजे लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम आणि खालची मंडळी, १+ देतात. दुसरा गण २+ देतो. उजवीकडे गेल्यावर मोजणी उलटी करायची: १८ मधून गणाचा क्रमांक वजा करा. क्लोरीन १७ व्या गणात, म्हणून १−. गंधक १६ व्या गणात, म्हणून २−. नायट्रोजन १५ व्या, म्हणून ३−. सेलेनिअमबद्दल तुम्हाला काहीही ठाऊक नसले, तरी ते गंधकाच्या खाली बसते एवढ्यावरून त्याचा साधा आयन २− असणार हे सांगता येते. रेडिअम बेरिअमच्या खाली, म्हणून २+. अ‍ॅल्युमिनिअम १३ व्या गणात. त्याच्या बाहेरच्या कवचात तीन इलेक्ट्रॉन, म्हणून ३+.

या वाटेने किती लांब जाता येते याचा एक जुना दाखला फार सुंदर आहे. इंडिअम हे मूलद्रव्य १८६३ मध्ये सापडले. ठरावीक वजनाच्या ऑक्सिजनशी किती इंडिअम संयोग पावते हे मोजता येत होते, आणि त्या मापाने संयुजेच्या (म्हणजे एक अणू किती बंध जोडू शकतो त्या आकड्याच्या) एका एककामागे इंडिअमचे वजन सुमारे ३८ येत होते. संयुजा दोन धरली तर अणुभार ७६. तेव्हा तसेच धरले जात होते. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने आपल्या सारणीत ७६ ची जागा शोधली, तर तिथे आर्सेनिक (७५) आणि सेलेनिअम (७९) खेटून बसलेले. मध्ये रिकामी जागाच नाही. मग त्याने संयुजा तीन धरली. ३८ गुणिले ३ म्हणजे ११४, आणि कॅडमिअम (११२) व कथिल (११८) यांच्यामध्ये जागा रिकामी होती. इंडिअमचा आज मान्य असलेला अणुभार ११४.८ आहे. म्हणजे सारणीतल्या जागेवरून संयुजा आणि संयुजेवरून अणुभार, असा उलटा प्रवास त्याने केला, आणि तोही इलेक्ट्रॉनचा शोध (१८९७) लागण्याच्या पाव शतक आधी.

इलेक्ट्रॉन हाती आल्यावर या सगळ्यामागचे कारण शोधणे सोपे झाले. १९१६ मध्ये जर्मनीत कोसेल आणि अमेरिकेत लुईस या दोघांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट दाखवून दिली: आयन झाल्यावर अणूची इलेक्ट्रॉन संख्या बहुधा जवळच्या राजवायूइतकी (हेलिअम, निऑन असे सहसा कुणाशी संयोग न पावणारे वायू) होते. नायट्रोजनचा ३−, ऑक्सिजनचा २−, फ्लोरिनचा १−, सोडिअमचा १+, मॅग्नेशिअमचा २+ आणि अ‍ॅल्युमिनिअमचा ३+, या सहाही आयनांत बरोबर दहा इलेक्ट्रॉन असतात, निऑनइतके. फरक प्रोटॉनचा. ऑक्सिजनच्या आयनात दहा इलेक्ट्रॉनांना ओढायला आठ प्रोटॉन, अ‍ॅल्युमिनिअमच्या आयनात तेरा. त्यामुळे ऑक्सिजन आयनाची त्रिज्या सुमारे १४० पिकोमीटर, फ्लोरिनची १३३, सोडिअमची १०२, मॅग्नेशिअमची ७२ आणि अ‍ॅल्युमिनिअमची जेमतेम ५४. ही उतरती भाजणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथेच बहुतेक ठिकाणी एक वाक्य येते: ‘सोडिअमला स्थिर व्हायचे असते म्हणून ते इलेक्ट्रॉन देऊन टाकते.’ मला हे वाक्य पटत नाही. सोडिअमला काहीही व्हायचे नसते. एकट्या, मोकळ्या सोडिअम अणूमधून इलेक्ट्रॉन आपोआप सुटत नाही. तो ओढून काढावा लागतो आणि त्यासाठी ऊर्जा मोजावी लागते. या किमतीला आयनीभवन ऊर्जा म्हणतात. सोडिअमच्या एक मोल अणूंमधून पहिला इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल लागतात. (मोल म्हणजे अणू मोजायचा एक प्रचंड मोठा, ठरावीक गठ्ठा, यापुढचे ऊर्जेचे आकडे, वेगळे एकक दिले नसेल तर, एका मोलामागे किलोज्यूलमध्येच आहेत.) उलट क्लोरीनला इलेक्ट्रॉन दिला की ३४९ परत मिळतात. ४९६ गेले, ३४९ आले. म्हणजे दोन मोकळ्या अणूंमधली ही देवघेव चक्क तोट्याची आहे. मग मीठ बनतेच कसे?

पूर्ण जमाखर्च मांडून पाहू, कारण सगळी गंमत इथेच आहे. आधी खर्चाची बाजू. घन सोडिअममधून सुटे अणू मोकळे करायला १०७. त्यातला इलेक्ट्रॉन काढायला ४९६. क्लोरीनच्या रेणूत दोन अणू जोडलेले असतात, त्यातला एक सुटा करायला १२१. बेरीज ७२४. जमेला क्लोरीनने इलेक्ट्रॉन घेतल्याचे ३४९. अजून ३७५ ची खोट आहे. आता हे धन आणि ऋण आयन एकमेकांकडे ओढले जाऊन शिस्तीत रचले जातात, स्फटिक तयार होतो आणि त्यातून ७८७ बाहेर पडतात. याला जालक ऊर्जा म्हणतात. खोट भरून निघते आणि वर ४१२ उरतात. प्रयोगशाळेत सोडिअम आणि क्लोरीनपासून मीठ बनताना मोजलेली ऊर्जा ४११ भरते. हिशेब जुळला.

म्हणजे इलेक्ट्रॉन काढण्याचा खर्च भागवते कोण, तर आयन एकत्र आल्यावर सुटणारी ऊर्जा. पाण्यात विरघळलेल्या आयनांच्या बाबतीत हेच काम पाण्याचे रेणू करतात. ते आयनाला वेढा घालतात आणि त्यातून ऊर्जा सुटते. प्रभार ओळखायचा म्हणजे खरे तर हे बघायचे, की पुढचा इलेक्ट्रॉन काढण्याचा खर्च समोरून वसूल होतो की नाही.

सोडिअमने दोन इलेक्ट्रॉन का देऊ नयेत? दोन दिले तर आयन २+ होईल, दोन क्लोरीन आयन त्याला चिकटतील आणि जालक ऊर्जा वाढेल. मॅग्नेशिअम क्लोराइडमध्ये ती सुमारे २५०० असते, तेव्हा इथेही साधारण तितकीच धरू. पण सोडिअमचा दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या, भरलेल्या कवचातला आहे. त्याची किंमत ४५६२, पहिल्याच्या नऊपट. इतर खर्च आणि दोन क्लोरीनकडून मिळणारी ऊर्जा धरूनही सुमारे ४७०० चा खड्डा पडतो. २५०० नी तो भरत नाही. सोडिअम एकावर थांबते ते दुसऱ्या इलेक्ट्रॉनचा खर्च पदरी पडत नाही म्हणून.

मॅग्नेशिअमच्या किमती अशा: पहिला ७३८, दुसरा १४५१, तिसरा ७७३३. दोनपर्यंत चढ बेताचा, तिसऱ्याला एकदम भिंत. म्हणून २+. अ‍ॅल्युमिनिअम: ५७८, १८१७, २७४५ आणि मग ११,५७७. भिंत तिसऱ्यानंतर, म्हणून ३+. एखाद्या अनोळखी मूलद्रव्याच्या आयनीभवन ऊर्जांची अशी यादी हाती आली, तर नाव न वाचताही त्याचा गण सांगता येतो. पोटॅशिअम ४१९ वरून थेट ३०५२ वर उडी मारते. कॅल्शिअम ५९०, ११४५ आणि मग ४९१२. परीक्षेतला हा लाडका प्रश्न आहे, आणि लाडका असायलाच हवा.

पण एक शंका उरते, आणि ती चांगली आहे. मॅग्नेशिअमने एकच इलेक्ट्रॉन देऊन का थांबू नये? ७३८ तर १४५१ पेक्षा स्वस्त. ढोबळ हिशेब केला तर एकाला एक असे मॅग्नेशिअम क्लोराइड बनणे तोट्याचे नाही. सुमारे शंभरभर किलोज्यूल सुटतील. अडचण अशी, की असे दोन मोल जवळ आले की एका मॅग्नेशिअमचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याला जाऊन एक मोल धातू आणि एक मोल नेहमीचे, दोन क्लोरीनवाले क्लोराइड बनू शकते, आणि या दुसऱ्या मांडणीत ६४१ सुटतात. दोनशेच्या समोर सहाशे एक्केचाळीस. ‘फायदा आहे का’ एवढे विचारून भागत नाही, ‘सर्वांत जास्त फायदा कशात’ हे विचारावे लागते. जालक ऊर्जा प्रभारांच्या गुणाकाराने वाढते आणि आयन लहान झाला की आणखी वाढते. वरची उतरती भाजणी आठवा. त्यामुळे भिंत येईपर्यंत इलेक्ट्रॉन देत राहणे परवडते.

हाच हिशेब ऋण बाजूलाही लागतो. ऑक्सिजनला पहिला इलेक्ट्रॉन दिला की १४१ सुटतात. दुसरा द्यायला मात्र उलट ऊर्जा घालावी लागते, कारण आधीच ऋण झालेल्या आयनात आणखी एक ऋण कण कोंबायचा असतो. म्हणजे एकटा, मोकळा २− ऑक्साइड आयन हा तोट्याचा सौदा आहे. त्याला सांभाळून धरते ते स्फटिकातले शेजारच्या धनायनांचे आकर्षण. पाण्यात टाकला तर तो टिकतही नाही, पाण्याच्या रेणूकडून एक प्रोटॉन (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन) घेऊन हायड्रॉक्साइड होतो. नायट्रोजनच्या ३− ची गत याहून बिकट. लिथिअम नायट्राइड, मॅग्नेशिअम नायट्राइड अशा मोजक्या घन पदार्थांत तो भेटतो.

आता कार्बन. गण १४, बाहेर चार इलेक्ट्रॉन. चार द्यायचे म्हटले तर चौघांची मिळून किंमत १४,००० च्या वर जाते. चार घ्यायचे म्हटले तर प्रत्येक नवा इलेक्ट्रॉन आधीच्यांना ढकलत आत शिरणार. दोन्हीकडून दिवाळे. म्हणून कार्बन देतही नाही, घेतही नाही. वाटून घेतो, सहसंयुज बंध करतो. बोरॉन, सिलिकॉन यांचेही बव्हंशी तेच. म्हणजे ‘कार्बनच्या आयनावर किती प्रभार’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘साधा आयन बनतच नाही’ असे आहे. ३+ असलेले अ‍ॅल्युमिनिअमसुद्धा काठावरच उभे असते: त्याचे फ्लोराइड आयनी, पण क्लोराइड तापवले तर १८० अंश सेल्सिअसच्या आसपासच त्याची वाफ होते, आणि त्या वाफेत आयन नसतात, रेणू असतात. लहान आणि जास्त प्रभाराचा धनायन शेजाऱ्याचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो, मग देणे कुठले आणि घेणे कुठले.

हायड्रोजन पहिल्या गणात बसवलेला असला तरी त्याला त्या घराण्याचे फारसे वळण नाही. अधातूंशी तो १+ सारखा वागतो, पण त्याचा नुसता प्रोटॉन पाण्यात मोकळा फिरत नाही, लगेच पाण्याच्या रेणूला चिकटतो. सोडिअम किंवा कॅल्शिअमबरोबर तोच १− होतो, हायड्राइड आयन. पुढे जाऊ.

सारणीच्या मधल्या पट्ट्यात, गण ३ ते १२ मध्ये, गणाच्या क्रमांकावरून प्रभार सांगायची सोय बहुतेक ठिकाणी संपते. ही संक्रामक मूलद्रव्ये. लोहाच्या किमती बघा: ७६२, १५६२, २९५७, ५२९०. भिंत कुठे आहे? नाहीच. बेताबेताचा चढ आहे. दुसऱ्यावर थांबले तरी परवडते, समोरचा जोडीदार तालेवार असेल तर तिसऱ्यापर्यंतही जाता येते. म्हणून लोहाचे दोन आयन: २+ म्हणजे फेरस, ३+ म्हणजे फेरिक. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधले लोह २+ असते तेव्हाच ते ऑक्सिजन वाहून नेते. ते ३+ झाले की ते काम थांबते. गंजात मात्र ३+ असते.

या पट्ट्यात हमखास होणारी एक चूक. लोहाचे इलेक्ट्रॉन मांडताना ४एस हे उपकवच (कवचातला एक लहान कप्पा) आधी भरतो आणि मग ३डी. त्यामुळे काढताना शेवटी भरलेले ३डी आधी रिकामे करावे असे वाटते. तसे होत नाही. आयन बनताना ४एस मधले दोन आधी जातात, कारण ते केंद्रकापासून जास्त लांब पसरलेले असतात. लोहाच्या ३डी मध्ये सहा आणि ४एस मध्ये दोन. २+ झाल्यावर ३डी मध्ये सहा उरतात, ३+ झाल्यावर पाच. या मालिकेत २+ इतका वारंवार का दिसतो, ते या ४एस मधल्या दोघांमुळे.

जस्त मात्र कायम २+. त्याचे ३डी दहा इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेले, तिसरा काढायला ३८३३ लागतात. चांदी नेहमीच्या संयुगांत १+, स्कँडिअम ३+. ही तीन नावे पाठ करून टाकावीत, उगाच तर्क लढवत बसू नये.

तांब्याची गोष्ट मात्र थांबून बघण्यासारखी आहे. पहिला इलेक्ट्रॉन ७४५, दुसरा १९५८. एक देऊन ३डी पूर्ण भरलेले राहते, तेव्हा अष्टकछाप विचाराने तांबे १+ वर थांबायला हवे. पण पाण्यात बहुतेक वेळा दिसतो तो निळा २+ आयन. २+ आयन लहान आणि प्रभार दुप्पट, त्यामुळे पाण्याच्या वेढ्यातून इतकी जास्त ऊर्जा सुटते, की दुसऱ्या इलेक्ट्रॉनचा महागडा खर्चही निघून येतो. पाण्यातला १+ तांबे आयन तर स्वतःशीच व्यवहार करतो: दोघांपैकी एक धातू होतो, दुसरा २+. आता त्याच निळ्या द्रावणात पोटॅशिअम आयोडाइड टाका. पांढरट गाळ बसतो, तो कॉपर आयोडाइडचा, आणि त्यात तांबे १+ असते. सुटलेल्या आयोडीनमुळे द्रावण तपकिरी होते. धातू तोच. जोडीदार बदलला, न विरघळणारा स्फटिक बनण्याची सोय झाली आणि हिशेब दुसऱ्या बाजूला कलला. म्हणूनच ‘तांब्यावर प्रभार किती’ हा प्रश्न जोडीदाराचे नाव घेतल्याशिवाय अर्धवट आहे.

अशा मूलद्रव्यांच्या बाबतीत व्यवहारात काय करायचे, तर उलटीकडून यायचे. ज्याचा प्रभार पक्का माहीत आहे त्याच्यावरून दुसऱ्याचा काढायचा. एका लोह ऑक्साइडमध्ये दोन लोह आणि तीन ऑक्सिजन आहेत. तीन ऑक्सिजनचे सहा ऋण, ते दोन लोहांत वाटले की प्रत्येकी ३+. मॅग्नेटाइट या खनिजात तीन लोह आणि चार ऑक्सिजन: आठ भागिले तीन, म्हणजे २.६७. अपूर्णांकी प्रभाराचा आयन नसतो. असा आकडा आला की समजायचे, भेसळ आहे. इथे एक लोह २+ आणि दोन लोह ३+ आहेत. संयुगात सल्फेट, कार्बोनेट, नायट्रेट, फॉस्फेट, अमोनिअम असे अनेक अणूंचे गट असतील, तर त्यांचे प्रभार पाठ असलेच पाहिजेत: अनुक्रमे २−, २−, १−, ३− आणि १+. याला पळवाट नाही.

उलट हिशेबातही फसगत होते, आणि तिथे आधीचे आकडे पहारा देतात. सोडिअम पेरॉक्साइडमध्ये दोन सोडिअम आणि दोन ऑक्सिजन असतात. ऑक्सिजन २− धरला तर सोडिअम २+ येतो. पण ४५६२ ची भिंत आपण पाहिली आहे; ते शक्य नाही. म्हणजे चूक ऑक्सिजनच्या बाजूला आहे: इथे दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले असतात आणि त्या जोडीवर मिळून २− असतो. पायराइट या सोनेरी खनिजात एका लोहामागे दोन गंधक आहेत. गंधक २− धरून लोह ४+ काढू नका. तिथेही गंधकाची जोडीच २− आहे आणि लोह साधे २+. पाऱ्याचे कॅलोमेल हे क्लोराइड आणखी चकवते. एकास एक प्रमाण बघून पारा १+ वाटतो, प्रत्यक्षात पाऱ्याचे दोन अणू हातात हात घालून असतात आणि त्या जोडीवर २+ असतो.

सारणीच्या तळाशी आणखी एक वळण आहे. १३ व्या गणातले थॅलिअम ३+ द्यायला हवे, पण त्याला १+ जास्त मानवतो. १४ व्या गणातले कथिल २+ आणि ४+ दोन्ही दाखवते, शिसे मात्र २+ कडे झुकते. ४+ मधले शिसे इलेक्ट्रॉन परत मिळवायला टपलेले असते. १५ व्या गणातल्या बिस्मथवर ३+. सगळीकडे गणाच्या हिशेबापेक्षा दोन कमी. बाहेरच्या कवचातले एस उपकवचातले दोन इलेक्ट्रॉन जागचे हलत नाहीत, पी मधले तेवढे जातात.

ते दोघे इतके घट्ट का बसतात? कारण ८२ प्रोटॉनांच्या ओढीने शिशाच्या सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ६० टक्के होतो. इतक्या वेगाला आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद दुर्लक्षून चालत नाही. त्याच्या परिणामाने एस प्रकारची सगळीच उपकवचे, अगदी बाहेरचेसुद्धा, आक्रसतात आणि त्यातले इलेक्ट्रॉन काढणे महागते. गाड्यांमधली शिसे-आम्ल बॅटरी चालते ती ४+ मधल्या शिशाच्या याच अस्वस्थतेवर. तिच्या एका कप्प्याचा विद्युतदाब सुमारे २.१ व्होल्ट असतो, आणि संगणकावर केलेल्या आकडेमोडीनुसार त्यातले १.७ ते १.८ व्होल्ट सापेक्षतावादाच्या परिणामांतून येतात. आयनांवरचे प्रभार शिकताना इथवर पोहोचू असे सुरुवातीला वाटत नाही, पण वाट सरळ इथेच येते.

खाली वेगळ्या ओळीत ठेवलेल्या लँथनाइडांचा मात्र त्रास नाही: जवळपास सगळे ३+. सिरिअमला ४+ आणि युरोपिअमला २+ जमतो, बाकीचे गुण्यागोविंदाने तीनवर.

एक सावधगिरी. पोटॅशिअम परमँगनेटमध्ये मँगनीज ‘+७’ आहे असे आपण म्हणतो. हा ऑक्सिडेशन अंक, कागदावरचा हिशेब सोपा व्हावा म्हणून ठरवलेला. सगळे सामाईक इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या नावावर टाकले तर किती उरते, एवढेच तो सांगतो. मँगनीजचे सात इलेक्ट्रॉन खरोखर काढायचे तर ३५,००० हून जास्त किलोज्यूल लागतील, आणि तेवढी परतफेड कुठलाही स्फटिक करत नाही. तिथले बंध सहसंयुज आहेत. ढोबळमानाने ३+ च्या पुढचा आकडा दिसला, की तो आयनाचा खरा प्रभार आहे की नुसता अंक, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

राहिले राजवायू. अष्टकाच्या भाषेत ते पूर्ण समाधानी, त्यांना कशाचीच गरज नाही. १९६२ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला नील बार्टलेट प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड या वायूवर काम करत होता. या वायूला इलेक्ट्रॉनची इतकी भूक असते, की तो ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन ओढून घेतो, हे त्याच्या ध्यानात आले होते. मग त्याने आकडे ताडून पाहिले. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला १२.०७ इलेक्ट्रॉन व्होल्ट (एकेका कणासाठी वापरायचे ऊर्जेचे छोटे एकक) लागतात, झेनॉनमधून १२.१३. जवळजवळ सारखेच. मग झेनॉनने काय घोडे मारले आहे? त्याने दोन्ही वायू एकत्र केले आणि पिवळट नारिंगी घन पदार्थ तयार झाला. त्याची नेमकी रचना त्याने आधी धरली होती त्याहून गुंतागुंतीची निघाली, पण राजवायूंची संयुगे बनत नाहीत हा समज त्या दिवशी मोडला.

उलट्या दिशेचा दाखला सोडिअमचाच आहे. सोडिअमच्या अणूने एक इलेक्ट्रॉन घेतला तर ५३ किलोज्यूल सुटतात. थोडे, पण जमेच्याच बाजूला. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात जेम्स डाय आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये अशा स्फटिकाची रचना जाहीर केली, ज्यात निम्मे सोडिअम १+ आहे आणि निम्मे १−. युक्ती अशी, की १+ आयनाला एका पिंजऱ्यासारख्या सेंद्रिय रेणूत बंद केले होते. पिंजऱ्यातून सुटणारी ऊर्जा खर्च भागवते आणि दूर गेलेला इलेक्ट्रॉन त्याच्याकडे परतू शकत नाही. सोन्याचेही तसेच: नेहमीच्या संयुगांत ते १+ किंवा ३+ असते, पण इलेक्ट्रॉन घेतल्यावर त्याला २२३ किलोज्यूल मिळतात, आणि सीझिअमचा इलेक्ट्रॉन अवघ्या ३७६ मध्ये सुटतो. दोघांपासून सीझिअम ऑराइड बनते. दोन धातूंपासून बनलेला हा पदार्थ स्वतः धातू नाही, आणि त्यात सोन्यावर १− प्रभार असतो.